नव्या सृष्टीतला कुत्रा

जनावरांच्या दवाखान्यात एक मुलगी मांजर मांडीवर घेऊन पुस्तक वाचायचं सोंग करत होती. कान मात्र शेजारच्या बाकावर होते. तिथे एक आजोबा, त्यांची धाकटी बहीण आणि शेवटचं इंजेक्शन घ्यायला आणलेला आंधळा कुत्रा.

"रडू नकोस, दादा. प्रभू एक दिवस मेलेल्यांना उठवून सगळी सृष्टी नवी करणार. जनावरंसुद्धा."

"ह्यानं पिटाळलेल्या मांजरीही?"

"त्या तर आधी!"

"आणि ह्याचे डोळे?"

"तेही."

"औषधाचे थेंब घालायला सांगितले होते गं. मी आज घालू, उद्या घालू करत बसलो."

"झालं गेलं."

"म्हणजे नव्या डोळ्यांनी हा आधी मलाच बघणार."

"बघेल आणि शेपटी हलवेल. दुसरं काय येतं त्याला?"

"तेच तर सोसवणार नाही गं मला."