जाऊबाईंच्या खुब्यातला गोळा

बसा, बसा. जाऊबाई गेल्या म्हणून इतके जण आलात. पण आधी एक विचारते. मागे जाऊबाई पडल्या, तेव्हा तुम्ही सगळे इथंच येऊन "आता काही उठत नाहीत" म्हणून रडून गेला होतात. विसरलात? तुमचं रडणं तेव्हाच होऊन गेलंय!

मला अक्षर येत नाही, म्हणून हातात कागद नाही. आठवतं तसं बोलते.

जाऊबाईंचा खुबा मोडला होता. इंदूरचे डॉक्टर म्हणाले, "माँजी, गोला बदलना पड़ेगा." जाऊबाई विचारतात, "तोफेचा का?" डॉक्टरांनी दोन गोळे पुढ्यात ठेवले. एक पांढरा, हलका, प्लास्टिकचा. तो झिजतो, म्हणाले. दुसरा धातूचा, दांडीवाला.

दत्तू, तू म्हणालास, "आईला या वयात कुठं धावायचंय? हलका पुरे." तुझी आई काय म्हणाली? "धावायचं नाही रे. परसाकडे माझ्या पायानं जायचंय. टिकेल तो घाला. राजाचं संस्थान गेलं, मी अजून आहे!"

धातूचा बसला. उकिडवं बसायची मनाई झाली. त्यांनी सुताराकडून भोकाची खुर्ची करवून घेतली. तुम्ही हसलात. हसा. त्या काठी टेकत गेल्या, पण स्वतःच्या पायानं गेल्या. अंगातल्या त्या लोखंडानं मेल्या म्हणता? तापानं गेल्या.

काल राखेत तो गोळा निघाला. गुरुजी म्हणाले, "ही अस्थी नव्हे, बाजूला काढा." अस्थी नव्हे? मग इतके दिवस त्यांना उभं कुणी धरलं? क्षिप्रेत तो अस्थींबरोबरच जाईल. दत्तू, मान हलव.

आणि आता आमच्या यमुनावन्सं. माझी नणंद. तिकडे नालछ्याला खुबा मोडून पडल्यात, हाड ताणायला पायाला वीट लटकवून. त्यांचे लेक ते मागं बसलेत. मघाशी कुजबुजत होतात ना, "वय झालं, राहू दे"? अरे भिया, विटेवर विठोबा उभा राहतो. पायाला वीट बांधून माणूस उभं राहत नाही! उद्याच इंदूरला न्या. आणि काय बसवायचं ते आईला विचारा. तुम्हाला नाही बसवायचं.

उठा आता. ज्यांना उठता येतं, त्यांनी जाऊबाईंसाठी घटकाभर गप्प उभं राहा.

...

झालं. शेजारणींनो, आमच्याकडे सुतक आहे, तेव्हा वन्संच्या शिदोरीचं तुम्हीच बघा. दशम्या द्या, लसणाची चटणी द्या. गव्हाच्या भरड्याची पातळ थुली कुणी पाठवू नका. दात आहेत त्यांना.