करडीवरचं पाखरू

अकोल्याला मोर्णेच्या उतारावर कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या. माझ्या पुढच्या गाडीत कापसावर दोघी बसल्या होत्या, शेतकऱ्याची गिरजा अन् विणकराची बिल्कीस.

“बिल्कीस, हा सारा कापूस पाटील उपटायले लावत होता.”

“या अल्ला! काहून?”

“वावरात दिव्यावर येतात तशी पाखरंच पाखरं झाली. बोंडं खानारं पाखरू आलं, म्हने. आता अळ्या पडतीन अन् साऱ्या गावात पसरतीन. सासऱ्यानं तं चार झाडं उपटलीबी.”

“मंग?”

“मी आडवी आली. म्हनलं, हे बाजूच्या करडीवरचं पाखरू आहे, कपाशीले लागत नाही.”

“दोन्ही सारखीच तं दिसतात!”

“रंग सारखा. पन करडीवरच्याच्या पंखाले मांगच्या टोकाशी काळा ठिपका असते. कपाशीवरच्याले नसते.”

“पाटलानं मानलं?”

“हासला. मी म्हनलं, आठ दिवस थांबा. ठिपकेवाली पाखरं मडक्यात ठेवली, वरून फडकं बांधलं. त्याईनं अंडी घातली, अळ्या निघाल्या. मंग पाटलासमोर त्याईले बोंडं देली अन् करडीचा पाला देला.”

“अन्?”

“बोंडाले तोंड नाही लावलं! पाला सारा फस्त केला.”

“शाबास गिरजा! काय बोल्ला पाटील?”

“तवा तं उठून चालला गेला. काल मातर शेल्यात पाखरू धरून आमच्या दारी आला. सासरा पुढं झाला, तं त्याले म्हने, ‘तू थांब.’ अन् मले इचारलं, ‘गिरजाबाई, हे कोनतं, सांगता काय?’”