अडीच एमबीतली सासुरवाडी

…पन तुमी हासता काहून? मिनी कंप्युटर म्हनलं त मिनीच हाये तो. कपाटाएवढा दिसते म्हून काय झालं? ज्या जमान्यात हा निघाला त्या जमान्यात बाकीचे कंप्युटर आख्ख्या खोलीएवढे होते, त्यांच्या मानानं हा मिनीच. मंगरूळच्या एका कापसाच्या जिनिंगमंदी मी, धम्मपाल, बावीस साल याच्यावर ऑपरेटर होतो. जिनिंग बंद झाली, सायब म्हने, "धम्मपाल, हे भंगारात घाला." म्या म्हनलं, सायब, माझ्या ट्रॉलीत घाला. आसेगावले घरापर्यंत त्याले गादीवर बसवून आनलं, तुमाले सांगतो, अन् मी सोता फाळक्यावर बसून आलो.

याच्यात युनिक्स चालते. जुनं, अस्सल. चित्र नाई, माउस नाई, नुसते इंग्रजी अक्षरं. अन् डिस्क? अडीच एमबी. तुमचा फोन एका आंब्याचा फोटो काढते ना, तो चार एमबीचा. माझ्या आख्ख्या मशीनमंदी तो आंबा मावत नाई! म्हून या मशीनचा एकच कायदा… जागा करा, मंग लिहा. काई नवीन ठेवाचं त जुनं पुसा. उन्हाळ्यात चव्वेचाळीस डिग्री, घरात कूलर एकच, तो मशीनच्या तोंडासमोर. आमची बायको, बेबी, काई म्हनत नाई, कूलर अन् मशीनच्या मधात पाट टाकते अन् तिथंच गहू निवडते.

तर आमच्या मंजुषाचं लगन जमलं. आवतनाची यादी कराची होती. पोरगी म्हने, बाबा, फोनमंदी लिहा. आता सांगा, ज्या मानसानं बावीस साल युनिक्स चालवलं, त्यानं पोरीच्या लग्नाची यादी फोनमंदी लिहावं? म्या मशीनमंदी दोन याद्या केल्या, एक माझ्याकडची, एक बेबीच्या मायेरची, इंझोरीची. आमच्याकडं चूलबंद आवतन असते, म्हनजे त्या घरची चूल त्या दिवशी पेटलीच नाई पायजे, म्हातारीपासून तान्ह्या लेकरापर्यंत सारे मांडवात जेवाले. म्या जागा वाचवाले एका चुलीचं एकच नाव लिहिलं. तरी केनवडच्या भागिरथा आत्यापाशी आलो अन् डिस्क भरली. झालं… जागा करा, मंग लिहा.

आता पुसावं काय? एक बुद्धिबळाचा खेळ होता. रिटायर झाल्यापासून माझ्यासंग खेळनारं तेवढंच एक हाये, त्याले कसं पुसू? मी सयपाकघरात गेलो, बेबीले इचारलं, तुले मायेरचे सारे तोंडपाठ हायेत ना? ती म्हने, झोपीतून उठवा, सांगीन. मंग? डोक्यात हायेतच त डिस्कवर अजून कायले? पुसली यादी! अन् युनिक्सचा सोभाव असा, खरंच पुसू का म्हून इचारत नाई, पुसलं म्हून सांगत नाई. इमानदारीनं चूप राहते.

तिसऱ्या दिवशी साळा आला, संघदीप. इंझोरीभर म्याच सांगून ठेवलं होतं, तुमी सारे माझ्या मशीनमंदी हा. तो म्हने, भाऊजी, आमचं नाव दाखवा. आता काय दाखवू? त्यानं पडद्यावर माझे सारे पाव्हने वाचले, खाली बुद्धिबळही वाचलं, चहा पेला, कप ठेवला अन् आवाज न चढवता म्हने, "ताई, यादीत आपलं कोनी नाई. मंग मी लग्नाले नाई येत."

पोरीचा सख्खा मामाच मांडवात नसन त मी लोकाईले काय तोंड दाखवू? बेबी पदराले हात पुसत आली. पडदा पाह्यला. मले म्हने, "एकसष्ट घरं पुसले, अन् हे घोडे-उंट ठेवले?"



तिनं स्टूल घेतला, कूलरचं तोंड सोताकडं फिरवलं अन् म्हने, लिहा. म्या निमूट बुद्धिबळ पुसलं. म्हने, चुलीचं एक नाव नाई, चुलीपाशी बसनाऱ्या साऱ्याचे नावं. अन् जे सुरू झाली… विमलबाई, तिच्या तिघी सुना, त्याईचे लेकरं, घरजावई, पुन्याले शिकाले गेलेला पोरगा… चाळीस नावं झाले, डिस्क भरली. जागा करा, मंग लिहा. म्या डिक्शनरी पुसली. शंभर झाले, भरली. मशीनमंदीच ठेवलेली त्याच्या माहितीची पुस्तकं पुसली. दोनशेवर गेली, म्या छातीवर दगड ठेवून सी कंपायलर पुसला, म्हनजे आता या मशीनवर नवीन प्रोग्राम बनने नाई. तिचा श्वास काई सुटेना. तीनशे चाळिसावं नाव एका तान्ह्याचं, त्याचं अजून नावच ठेवलं नव्हतं. म्हने, त्याच्यासाठी जागा सोडा!

सोडली. माझी यादी पुसून सोडली. माझे पाव्हने म्या क्यालेंडरच्या मांगच्या बाजूनं लिहिले.

मले वाटलं, मिटलं. पन साळा म्हने, भाऊजीले उद्या पुन्हा जागा लागली त? बेबी मशीनकडं पाहून म्हने, पुसाचं काम याच्यात कोन करते? मी इमानदार मानूस, सांगून बसलो, एक लहानसा प्रोग्राम हाये, आरएम नावाचा.

"तो पुसा."

म्या म्हनलं, अवं, त्याले पुसाले तोच लागते.

"मंग त्यालेच सांगा."

सांगतलं. अन् त्यानं केलं, बाप्पा! सोताले पुसलं, चकार शब्द नाई काढला. तसा नोकर आता भेटत नाई.

लगन चांगलं झालं. इंझोरीच्या एकसष्ट चुली बंद, मामा सगळ्यात पुढं. पन आता माझ्या मशीनमंदी पुसता येत नाई, म्हून जागा होत नाई, म्हून लिहिता येत नाई. रोज सकाळी कूलर लावतो, मशीन चालू करतो अन् सासुरवाडी वाचतो. लोक येतात, इचारतात, काय धम्मपालभाऊ, याच्यात आता चालते काय?

मी म्हंतो, चालत काईच नाई. तीनशे चाळीस जन बसले हायेत, अन् मले कोनाले उठ म्हनता येत नाई.