बाटली न टांगलेले घर

जबाब
दि. २९/१२/२०२५

मी, उर्वशी धम्मरत्न पाईकराव, वय २३ वर्षे, शिक्षण बी.एस्सी., सध्या बी.एड. प्रथम वर्षात शिकत आहे, मूळ रा. तिवरदरा, ता. उमरखेड, ह. मु. प्रभावतीबाई आडे यांचे घरी भाड्याने, चिंचेची गल्ली, पुसद, जि. यवतमाळ.

समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, "व्हिडिओ तुमच्याकडे २० तारखेपासून होता, तर आठ दिवस तो कोणाला का दाखवला नाही?" असे मला सर्वप्रथम विचारण्यात आले. जे घडले ते क्रमाने सांगते.

जुलै महिन्यात मी पुसदला खोली शोधत होते. पाच ठिकाणी विचारले. त्यापैकी तीन ठिकाणी माझे आडनाव ऐकल्यावर खोली कालच दिली असे कळले. सहावे घर प्रभावतीबाई डोंगरसिंग आडे यांचे. त्यांचे वय ६१ असून त्या विधवा आहेत व घरी ब्लाऊज शिवतात. मुलगा सुरतला कामाला आहे. त्यांनी आडनाव विचारले नाही. स्वयंपाक येतो का, एवढेच विचारले व मी धड येत नाही म्हटल्यावर हसल्या. मी त्यांना मावशी म्हणते. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिलीच आहे, हे कळल्यावर त्यांनी खिडकीजवळचे शिलाई मशीन हलवून तिथे माझे टेबल लावले.

ऑगस्टमध्ये माझे वडील आमचा घरचा कुत्रा घेऊन एसटीने आले. ते म्हणाले, "तू गेल्यापासून हा धड जेवून नाही राह्यला बाई. अन् जेवला त लोकायच्या चपला जेवते." कुत्रा तांबड्या रंगाचा, वय अंदाजे दोन वर्षे, डावा कान अर्धा दुमडलेला. त्याचे नाव मी सांगितले, परंतु ते पोलीस खात्यातील एका हुद्द्याचे असल्याने येथे लिहू नये व "सदर कुत्रा" असे लिहावे असे ठरले. नाव वडिलांनी ठेवले असून त्यात कोणाचा अवमान करण्याचा हेतू नव्हता.

सदर कुत्र्याने गल्लीतील चपला, दोन खराटे व एक पायपुसणे वेळोवेळी पळवले आहे. माझा पाठ चालू असताना तो सराव शाळेच्या वर्गात आला व मी पुठ्ठ्याचे केलेले हृदय घेऊन गेला. चपला मी त्या त्या दारात परत ठेवत असे. हृदय मिळाले नाही.

दिवाळीनंतर गल्लीतील लोकांनी आपापल्या फाटकाला लाल पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या टांगल्या. लाल पाण्याला कुत्रे भितात असा समज आहे. कोणी पाण्यात कुंकू घातले होते, कोणी कापड रंगवायची पूड. त्याच वेळी समोरच्या घरातील सेवानिवृत्त लिपिक चंद्रशेखर महल्ले यांनी मावशींना सांगितले की, एक तर कुत्रा जाईल नाहीतर पोरगी जाईल. मावशी म्हणाल्या, "पोरीले शिकू द्या. कुत्रं माह्या अंगणात हाये, तुमच्या ताटात नाही." मावशींनी फाटकाला बाटली टांगली नाही. गल्लीत बाटली नसलेले ते एकच घर होते.

दि. २०/१२/२०२५ रोजी सकाळी ६.१५ वाजताचे सुमारास मी ओट्यावर वाचत बसले होते. सदर कुत्रा गल्लीच्या टोकाकडून तोंडात लाल बाटली धरून आला. ज्या बाटलीला त्याने भ्यायचे, तीच घेऊन तो ऐटीत चालत होता. मी मोबाईलवर व्हिडिओ काढला. त्यात माझा हसण्याचा आवाज आहे. कुत्र्याने बाटली महल्ले यांच्या उंबऱ्यावर टाकली. बूच सैल असल्याने लाल पाणी रांगोळीवरून पायरीपर्यंत गेले. मी व्हिडिओ वडिलांना पाठवला व कॉलेजची वेळ झाल्याने आत गेले. बाटली उचलली नाही.

आदल्या दिवशी अमावास्या होती. महल्ले यांची चार वर्षांची नात त्या सकाळी तापाने फणफणली. दुपारी चंद्रशेखर महल्ले यांच्या पत्नी शोभाताई नळावर म्हणाल्या, "साऱ्या गल्लीत बाटली टांगलेली हाये. एकाच घरी नाही. कायले नसन, मले सांगा?" मी तिथे बादली भरत होते. माझी बादली भरून वाहत होती.

दि. २३ रोजी मी सराव शाळेत आठवीच्या वर्गावर "वैज्ञानिक दृष्टिकोन" हा पाठ घेतला. निरीक्षक मॅडमनी चांगला शेरा दिला. दि. २४ रोजी महल्ले यांची नात बरी होऊन अंगणात खेळत होती. लोक म्हणाले, मावशींची करणी होती, उतारा केला म्हणून ताप उतरला. त्या दिवसापासून ज्यांनी ब्लाऊज शिवायला दिले होते त्या बायका कापड परत मागायला येऊ लागल्या. मावशी प्रत्येकीला घडी करून देत होत्या. मला म्हणाल्या, "लग्नसराई संपली वाटते." लग्नसराई संपलेली नव्हती.

दि. २८/१२/२०२५ रोजी सकाळी ९ वाजताचे सुमारास दहा-बारा इसम आमच्या अंगणात आले. त्यात चंद्रशेखर महल्ले पुढे होते. त्यांच्या हातात लाल पाण्याची बाटली होती. मावशी म्हणाल्या, "चंदूभाऊ, बसा तरी." ते बसले नाहीत. "काही नाही केलं म्हणता ना, मंग हे पाणी प्या. साधं पाणी हाये त भेव कायचं?" असे म्हणाले. मागून शोभाताई म्हणाल्या, "नाही पेत ती. पाहा तुम्ही."

मावशी म्हणाल्या, "द्या इकडे. माह्या नातीवानी पोरगी हाये थे. तिचं वाईट मी काहून चिंतीन?" आणि त्यांनी बाटली तोंडाला लावली.

मी दारातच उभी होते. बाटली हिसकावली तोपर्यंत त्यांनी तीन-चार घोट घेतले होते. त्या बाटलीत कापडाचा रंग होता. मी सर्वांसमोर व्हिडिओ दाखवला. एक इसम, ज्याचे नाव मला माहीत नाही, म्हणाला, "आजकाल कॉम्प्युटरवर वाघही बाटली उचलते." काही लोक हसले. मावशींना उलट्या सुरू झाल्या, तेव्हा अंगण रिकामे झाले. मी त्यांना ऑटोने सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी धोका नाही, परंतु दोन दिवस ठेवावे लागेल असे सांगितले.

सायंकाळी मी त्यांना सांगितले की, बाटली कुत्र्याने नेली हे मला आधीपासून माहीत होते. त्यांनी तोंड भिंतीकडे केले. तसेच पडून विचारले, "त्यानं खाल्लं का?" मी हो म्हटले. मग म्हणाल्या, "मोबाईलनं नको सांगू. मोबाईलले काय लाज हाये? तू तोंडानं सांग."

आज सकाळी ८ वाजता मी गल्लीच्या मध्यभागी नवीन बाटली ठेवली व सदर कुत्र्याला सोडले. कॉलेजमध्ये आम्हाला शिकवतात की, प्रात्यक्षिक आधी स्वतः करून पाहावे. मी पाहिले नव्हते. कुत्रा प्रथम अंग खाजवत बसला. नंतर त्याने चंद्रशेखर महल्ले यांची चप्पल आणली. ओट्यावरून एक बाई म्हणाली, "साक्षीदार फुटला वाटते." त्यानंतर त्याने बाटली उचलली, सगळ्यांच्या देखत गल्लीभर हिंडवली व एका उंबऱ्यावर टाकून फाटकाची दुसरी बाटली ओढू लागला. सदर कुत्रा सध्या ठाण्याच्या आवारात बांधलेला असून चप्पल परत केलेली आहे.

एवढे पुरेसे होते, असे मला वाटत नव्हते. कुत्र्याने काय केले ते लोकांनी पाहिले होते. मी काय केले ते कोणी पाहिले नव्हते. म्हणून मी गल्लीतील बाकीच्या अकराही घरी गेले. प्रत्येक दारात सांगितले की, प्रभावतीबाईंनी काही केले नाही, बाटली माझ्या कुत्र्याने नेली, हे मला २० तारखेपासून माहीत होते व खोली जाईल म्हणून मी गप्प बसले. सात घरी ऐकून घेतले. त्यातील एका घरी पाणी दिले. तीन घरी मी बोलत असताना दार लावण्यात आले.

शेवटचे घर महल्ले यांचे होते. दार बंद होते व आत टीव्ही चालू होता. मी दाराबाहेर उभी राहून तेच सर्व मोठ्याने सांगितले. मधेच टीव्हीचा आवाज बंद झाला. मी थांबले नाही, शेवटपर्यंत सांगितले. तिथून सरळ येथे आले.

हा जबाब संगणकावर घेतल्यानंतर मला वाचून दाखवण्यात आला व मी स्वतःही वाचला. "मला बहुधा माहीत होते" असे एके ठिकाणी लिहिले गेले होते. त्यातील "बहुधा" हा शब्द माझ्या सांगण्यावरून काढला. आता हा जबाब मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

सही
उर्वशी धम्मरत्न पाईकराव