ऑल्डरबी टाउनचं एक खोटं पान

विजयाकाकू, आणि इथे जमलेले सगळे जण. रस्त्यावर एवढा बर्फ असताना तुम्ही लांबून ड्राइव्ह करून आलात. सुधाकरकाका असते तर म्हणाले असते, "हवामान न बघता गाड्या काढतात, मूर्ख लेकाचे." आणि मग सगळ्यांना स्वतः चहा करून दिला असता.

मला बोलायला सांगितलंय. मी लिहून आणलं होतं, पण तो कागद खिशातच राहू दे. खरं सांगू? मी गोंधळलोय. माणूस गेल्यावर दुःख होतं, हे माहीत होतं. दुःख आहेच. पण माणूस गेल्यावर इतका गोंधळ होतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तुम्हाला काका कसे आठवतात? मंडळाच्या मिनिट्समध्ये चुका काढणारे, बरोबर? गणपतीच्या पत्रिकेत आरती बाराला छापली आणि सव्वाबाराला झाली, तर पुढच्या मीटिंगमध्ये तेवढ्यासाठी हात वर करणारे. आपल्या शॉमबर्गच्या मराठी मंडळाचा एकही सेक्रेटरी त्यांच्या तावडीतून सुटला नाही. आपण हसायचो. मीही हसायचो.

पण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना हे माहीत नसेल, की गेली तीन वर्षं काका एक पुस्तक लिहीत होते. इंग्लंडमधल्या एका फुटबॉल क्लबचा इतिहास. टीव्हीवर दिसतात ते क्लब नव्हेत हं. ऑल्डरबी टाउन. मोठ्या लीगच्या बाहेरचा, पार तळातला. खेळणारे कोण, तर प्लंबर आणि पोस्टमन. मैदान एका बाजूला उतरतं. अमेरिकेला येण्याआधी काका त्या गावात पंपाच्या कारखान्यात इंजिनिअर होते. चार वर्षं. दर शनिवारी गोलच्या मागे उभं राहून मॅच बघायची आणि रविवारी साताऱ्याला आईला पत्र लिहायचं, मॅचसकट. आईनं ती सगळी पत्रं जपली. पुढे क्लबच्या ऑफिसात पाणी शिरलं, जुने कागद गेले. त्या चार वर्षांचा पुरावा उरला तो फक्त काकांच्या मराठी पत्रांत. आहे की नाही गंमत?

मी शनिवारी सकाळी त्यांच्याकडे जायचो. काका पत्र बघत बघत इंग्रजीत सांगायचे, मी टाइप करायचो, काकू पोहे द्यायच्या. एकदा एक पान आलं. साधी फ्रेंडली मॅच. गोलकीपरचा हात मोडला, बदली माणूस नाही. गोलमागे उभ्या असलेल्या एका भारतीय इंजिनिअरला लोकांनी आत ढकललं. तो वीस मिनिटं गोलमध्ये उभा राहिला आणि त्यानं एकही गोल होऊ दिला नाही. मी ओरडलोच, "काका, तुम्ही?" ते म्हणाले, "टाइप कर."

जाण्याआधी तीन आठवडे, हॉस्पिटलमध्ये, त्यांनी माझा हात धरला. "नीलेश, ते गोलकीपरचं पान खोटं आहे. काढून टाक." मी म्हटलं, "हो काका."

मी काढलं नाही. ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज होता, ही झाली सबब. खरं म्हणजे मला ते पान आवडत होतं. क्लबनं फाइल मागितली, मी आहे तशी पाठवून दिली. म्हटलं, करेक्शन नंतर पाठवू. दिवसभर दुसऱ्यांच्या फाइली सांभाळून पोट भरतो मी, आणि काकांनी सांगितलेलं एक पान माझ्याच्यानं काढलं गेलं नाही. चुकलं माझं. हे काकूंना बुधवारी सांगितलं, आज तुम्हा सगळ्यांसमोर सांगतो.

काका गेल्याचं क्लबला कळवलं, तर त्यांनी मॅचच्या आधी मैदानावर नेमकं तेच पान वाचून दाखवलं! सेक्रेटरीबाईंचा फोन आला. मी म्हणणार होतो, बाई, ते खोटं आहे हो. त्यांनी बोलूच दिलं नाही. तो हात मोडलेला गोलकीपर, रॉन, अजून आहे. पार म्हातारा झालाय. पान ऐकून तो हसायलाच लागला. म्हणाला, "आठवतो मला तो पोरगा. चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि आत गेला. पण एकही गोल नाही? अहो, तीन गोल खाल्ले त्यानं!"

चष्मा. त्या पानात चष्म्याचा उल्लेखच नाही. मी टाइप केलंय, मला पाठ आहे ते.

मग आता सांगा, खोटं काय होतं? काका उभे राहिले होते की! काकूंनी मूळ पत्र शोधून काढलं. निळं, पातळ, घडीचं. "तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. इथे सर्व उत्तम. थंडी फारशी नाही. काल मला टीममध्ये घेतलं होतं. मी एकही गोल होऊ दिला नाही."

थंडी फारशी नाही म्हणे! त्या दिवशी मैदानातला चिखल गोठला होता, असं रॉन सांगतो.

काकूंच्या किचनमध्ये ते पत्र वाचलं आणि मला माझंच आठवलं. गेल्या वर्षी माझा जॉब गेला, तेव्हा व्हिसाचे उरलेले दिवस मोजत मी नागपूरला आईला सांगत होतो, "सुट्टी घेतलीय गं जरा." ज्यानं घरी अशी एकही थाप मारली नाही, त्यानं इथे हात वर करावा. नाही ना कोणी?

पण काका, पुस्तकात तीन लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? आईला लिहिलेलं पत्र खोडायला हात धजला नाही? की लाज वाटली? मला नाही कळत. आणि विचारायला आता माणूस नाही.

पुस्तक सोमवारी छापायला जातंय. काकांचा शब्द आहे, काढ. माझं मन म्हणतं, ठेव, तीन गोलांसकट ठेव. पण मी कोण ठरवणारा? काकू, तुम्ही सांगा. काढू?

काय म्हणालात? माइक घ्या ना जरा. नको? बरं, मीच सांगतो सगळ्यांना.

काकू म्हणताहेत, "ठेव. आणि तीनच लिही. सासूबाई ते पत्र दाखवून मला म्हणाल्या होत्या, चष्म्याशिवाय याला समोरचं ताट दिसत नाही, हा कसले गोल अडवतोय! पण खुशाल दिसतोय ना पोरगा, मग झालं."

काकू... हे तुम्ही मला बुधवारी का नाही सांगितलंत?

म्हणजे काकांच्या आईला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि काका ते शेवटपर्यंत उरात घेऊन बसले.

ठीक आहे. तीन लिहितो. आता सगळे उभे राहूया, दोन मिनिटं. तीन गोल खाऊनही पुढच्या शनिवारी त्याच मैदानावर गेलेल्या आमच्या काकांना, नमस्कार.