निळ्या लोकरीचे झाड

दिनांक ५ डिसेंबर. मी, ऑर्विल हाउक, वय ७९ वर्षे, निवृत्त शाळाशिक्षक, राहणार टॅन्यार्ड रस्ता, ब्रशी गॅप, नॉर्थ कॅरोलायना. डेप्युटी लोरेटा ग्रॅग यांनी समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की,

वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. पत्नी रोएना गेल्या मार्च महिन्यात वारली. मुलगी कोरिन डेन्व्हरला असते.

डेल ब्लेव्हिन्स यांच्या डोंगरउतारावरील मळ्यात नाताळची झाडे लावलेली आहेत. गिऱ्हाईक स्वतः झाड निवडते, स्वतः कापते. आम्ही तेथे एकेचाळीस वर्षे जात होतो. प्रथम तिघे, नंतर दोघे. एकाने झाडाखाली आडवे होऊन करवत चालवायची आणि दुसऱ्याने खोड धरून किंचित पलीकडे रेटायचे, अशी रीत आहे. रेटले नाही, तर खोडाच्या भाराने करवत चिमटते. आमच्याकडे कापणे माझ्याकडे व धरणे रोएनाकडे असे.

झाड कापून झाले की ती त्याच दिवशी पुढच्या वर्षीचे झाड हेरी आणि आतल्या फांदीला निळ्या लोकरीचा तुकडा बांधी. गेल्या वर्षीचे झाड तिच्या खांद्याला लागत होते. ती म्हणाली, "वर्षभरात हे माझ्या डोक्यावरून जाईल बघ."

काल दुपारी अडीच वाजता मी मळ्यात पोहोचलो. ट्रॅक्टरला जोडलेल्या गाडीत कुटुंबे बसलेली होती. चालकाने विचारले, "मागून घरची मंडळी येतायत ना? थांबतो मी." मी त्यास पुढे जाण्यास सांगितले व पायी चढलो.

वरून चौथ्या ओळीत निळी लोकर सापडली. झाडावर पिवळी चिठ्ठीही होती. ती मी पाहिली, वाचली नाही. आमच्या झाडावर दरवर्षी पिवळी चिठ्ठी असेच. मळेवाले ती लावतात, असा माझा समज होता.

मी खाली आडवा झालो व कापू लागलो. खोड अर्ध्याहून अधिक कापल्यावर करवत चिमटली. ती पुढे जाईना, मागेही येईना. मी तेथेच पडून राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. चष्मा दहिवराने भरला होता.

त्यानंतर श्रीमती केंड्रा स्टर्गिल, त्यांचे यजमान व दोन मुली तेथे आल्या. आमच्यात पुढीलप्रमाणे बोलणे झाले.

"अहो, खाली कोण आहे? ते झाड आमचं आहे."

"बाई, हे झाड गेल्या वर्षीच धरून ठेवलंय."

"गेल्या वर्षी? रुमाल टाकून जागा धरलीत का, आजोबा? चिठ्ठी वाचा. स्टर्गिल लिहिलंय."

"लोकर पाहा."

"लोकर काय, एखादी खारसुद्धा आणून टाकेल. तुम्ही आधी बाहेर या."

मी बाहेर येण्यास नकार दिला. यजमानांनी पोलिसांस फोन केला. मी करवत उगारली, असे तक्रारीत म्हटले आहे. ते खरे नाही. करवत खोडात अडकलेली होती. अडकलेली करवत उगारता येत नाही. मी हात हलवला, तो "थांबा" अशा अर्थाने.

चार वाजण्याच्या सुमारास डेप्युटी ग्रॅग व मळ्याचे मालक आले. डेल हा माझा विद्यार्थी. तो गुडघ्यांवर बसून म्हणाला, "सर, लोकर ही रोएनाबाईंची खूण. पण मळ्यात चालते ती चिठ्ठी. दर ऑक्टोबरला झाडं नावावर करायचा चिठ्ठ्यांचा दिवस असतो, तेव्हा बाई येऊन लावून जायच्या. एकट्याच यायच्या. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"



डेप्युटींनी बाहेर येण्यास सांगितले. मी म्हणालो, झाड आता असे सोडले तर वाकडे पडेल व खोड फाटेल. ते कोणाच्याच उपयोगाचे राहणार नाही. धरणारे कोणी नाही.

तेव्हा श्रीमती स्टर्गिल यांनी हातमोजे चढवले. "कुठे धरू?"

"छातीएवढ्या उंचीवर. डाव्या हाताने."

"आजी अशाच धरायच्या का?"

मी "जोरात रेटू नका" एवढेच म्हणालो. करवत सुटली. करवतीचे आणखी सात-आठ हात मारल्यावर झाड पडले. ते चिठ्ठीप्रमाणे स्टर्गिल कुटुंबाचे आहे व त्यांनी नेले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मुलींपैकी धाकटीने लोकर सोडवून माझ्या हातात दिली.

झाडाने पाणी ओढावे म्हणून मालक बुडाची एक चकती कापून काढतात. ती चकती श्रीमती स्टर्गिल यांनी मला दिली होती. डेप्युटींनी ती करवतीबरोबर पुरावा म्हणून जमा केली.

कोणास कळवायचे, असे विचारल्यावरून सांगतो की, मुलीस कळवू नये. तिच्याकडे आता कामाची वेळ असेल.

करवत ठेवून घेतली तरी चालेल. घरी तिचे काम उरलेले नाही. चकती मात्र नाताळापूर्वी परत मिळावी, अशी विनंती आहे. घरी एकेचाळीस चकत्या आहेत. प्रत्येकीवर रोएनाने शाईने वर्ष लिहिले आहे. हिच्यावर लिहावयाचे राहिले आहे. अक्षर माझे असेल.

डेप्युटींनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यानंतर मी तो स्वतः, चष्मा पुसून, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला असून बरोबर आहे.

(सही) ऑर्विल हाउक
समक्ष: डेप्युटी लोरेटा ग्रॅग