केकमधली काडी

आमी मूळचे सणसरचे. वडील दुसऱ्याच्या उसात राबायचे, मला मात्र उसाची पात कधी सोसली न्हाय, अंगाला नुसती खाज सुटायची, म्हणून मिसरूड फुटायच्या आत बारामतीला एका बेकरीत भट्टीवर लागलो. खारी, टोस्ट, बटर, मग केक. पुढं स्वतःची बेकरी टाकली. त्या वेळचा केक म्हंजे काय सांगू तुम्हाला, वर गुलाबी क्रीमची फुलं, चांदीचे मणी आन मधी नाव, झालं काम. नंतर गिऱ्हाईकाला केकवर बैलजोडी लागायला लागली, बुलेट लागायला लागली. आता ती बैलजोडी मऊ केकवर उभी कशी राहायची? लोकांना वाटतं केक भाजणं अवघड. भाजणं सोपं हाय, वरचं चिकटवणं अवघड.

ते काम शालनचं. निमगाव केतकीहून एसटीनं यायची. साखरेची कणीक मळून त्याची चित्रं करायची. तिच्या डब्यात एक चिमटा, बारीक ब्रश आन खायच्या डिंकाची बाटली. त्याची पावडर मिळती, ती पाण्यात भिजवली की डिंक होतो. फूल असो का बाहुली, मागं डिंक लावायचा, जागेवर टेकवायचं आन बोटानं धरून बसायचं. तवर ती कुणाशी बोलायची न्हाय. मी चेष्टा करायचो, शालन, केकला झोपवतीस का काय? ती म्हणायची, आबा, घाई केली की खाली येतंय, मग झोप तुमची जाईल.

जड वस्तू असली तर ती टूथपिक वापरायची, पण तिचा नेम होता. जे खायचं न्हाय ते दिसलं पाहिजे. काडी वर लांब ठेवायची आन केक हातात देताना सांगायचं, दादा, ह्या काड्या उपटा, मग सुरी लावा. गिऱ्हाईक नाक मुरडायचं, शोभा जाती म्हणायचं. मला बी तसंच वाटायचं. शोभा जाती.

तर विकास म्हणून सणसरचाच पोरगा, उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. त्याच्या मित्रांनी वाढदिवसाला ट्रॅक्टरचा केक सांगितला. शालननं लाल ट्रॅक्टर केला, मागं ट्रॉली, ट्रॉलीत हिरवा ऊस. एसटीला जाताना मला म्हणाली, आबा, डिंक अजून ओला हाय, दिवस मावळेपर्यंत हलवू नका. मी व्हय म्हणालो. पण मला पुढं भिगवणला दुसरी ऑर्डर पोचवायची होती, मी केक दुपारीच गाडीत घातला. एका स्पीडब्रेकरवर ट्रॉली घसरली. गाडी बाजूला घेतली, तिचा डबा मी बरोबर घेतला होता, त्यातल्याच टूथपिका काढल्या आन ट्रॉलीतनं खाली केकात खुपसल्या. टोकं वर आली. ती मी मोडली, वर क्रीम फासलं. इतकं सुबक दिसलं म्हणून सांगू, मला स्वतःचंच कौतुक वाटलं. पोरं म्हणाली, आबा, नादच केला तुमी! तितं मी सांगायला पाहिजे होतं, आत काड्या हायत. एवढं एक वाक्य. मी न्हाय सांगितलं. मोडून झाकलेलं दाखवायची लाज वाटली.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक हाय. केक खायच्या आधी वाढदिवसवाल्याच्या तोंडाला फासायचा. एका मित्रानं ट्रॉलीच मुठीत उचलली आन विकासच्या तोंडावर चोळली. डोळा गेला त्याचा. डावा.

दुसऱ्या दिवशी विकासच्या घरची माणसं बेकरीत आली. केक कुणी केला? मी म्हणालो, केक शालननं केला. खोटं बोललो का? न्हाय. केक तिनंच केला होता. शालन म्हणाली, आबा, मी काडी घातलीच न्हाय, नुसता डिंक लावला. ती माझ्याकडं बघत होती. मी काय म्हणालो ठाऊक हाय? मी म्हणालो, पोरी, गडबडीत राहिली असंल.

त्या दिवसापासून ती आली न्हाय. विकासनं तिच्या दारात जाऊन नको नको ते सुनावलं. गावात तिला काडीवाली म्हणायला लागले. आन मी काय केलं, बेकरीत पाटी लावली, आमच्या केकमध्ये लपवलेली काडी नसते. तिचाच नेम, पाटी माझी. लोक म्हणायचे, आबा किती काळजी घेतात.

पुढं गुडघे गेले, भट्टी बंद केली आन केकच्या सामानाचं दुकान काढलं. डिंक, तार, हिरवी टेप, चिमटे, टूथपिका, सगळं मिळतं. मागं एक पोरगी आली, निमगाव केतकीत घरीच केक करती म्हणाली. डिंक घेतला, ब्रश घेतला. मी टूथपिकांची डबी पुढं केली. ती म्हणाली, नको, आमच्या घरात काडी चालत न्हाय. आईच्या हातून एकदा गडबडीत केकात राहिली होती, एकाचा डोळा गेला. आई अजून म्हणती, मला आठवत न्हाय पण घातली असंल मीच.

माझंच वाक्य होतं ते. मी म्हणालेलं. ते शालननं इतकी वर्षं सांभाळलं, आन खरं मानलं.

मी निमगावला गेलो. शालन शेंगा फोडत होती. उभ्या उभ्याच सांगितलं, काडी मी घातली होती. तिनं हातातली शेंग खाली ठेवली आन स्वतःच्या बोटांकडं बघितलं. मग म्हणाली, विकासला सांगितलं का? मी म्हणालो, न्हाय, आधी तुझ्याकडं आलो. ती म्हणाली, मग हितं कशाला थांबलाय?

विकासचं भिगवणला हायवेला हॉटेल हाय, मासे तळत होता. सगळं ऐकलं. म्हणाला, आबा, डोळा गेला तो गेला, पण त्या बाईच्या दारात मी जे बोललो ते आता कुठं नेऊन ठेवू? मला बस म्हणाला न्हाय, जा बी म्हणाला न्हाय. मीच निघालो.

शालन माझ्याशी त्यानंतर बोलली न्हाय. बोलायचं कारण बी न्हाय. पण परवा तिची पोरगी परत आली. डिंक घेतला, ब्रश घेतला आन म्हणाली, टूथपिकांची एक डबी द्या, आईनं आणायला सांगितलीय. मी डबी पुढं केली. मी म्हणालो, पोरी, टोक मोडू नको, लांब ठेव, दिसली पाहिजे. ती म्हणाली, आई म्हणाली होती तुमी असं सांगाल. आई म्हणाली, त्यांना सांग, ते मला आधीपासनं ठाऊक हाय.

तर साहेब, तुमी हे लिहून घेताय तर नीट लिवा. काडी शालननं घातली न्हवती, मी घातली. असंल बिसंल काही लिवू नका. आन त्या पोरीच्या हाताला यश येऊ दे, एवढंच.